समुपदेशनाच्या खोलीत नेमकं होतं काय?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली आठवीची मुलगी. दर सोमवारी तिसऱ्या तासाच्या आधी तिच्या पोटात कळ यायची. साधीसुधी नाही, बाकावर डोकं टेकून मुटकुळं करून बसायची. शिपाईकाका तिला मोटरसायकलवर घरी सोडायचे. घरी जाऊन अर्धा तास झाला की कळ थांबायची. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. अमळनेरला नेऊन सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. आजीनं दृष्ट काढली. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "काही नही, नाटकं करस ती."

ती नाटकं करत नव्हती. पोट खरोखर दुखत होतं.

मी नऊ वर्षं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून या लेखात दोन-तीन मुलांच्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत, पण घडतं ते असंच घडतं. "शाळेत पोरांना थेरपी देतात म्हणजे करतात काय हो?" हा प्रश्न मला एसटीत, लग्नात, पालकसभेत सगळीकडे विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी भीती असते. ती जावी म्हणून सविस्तर लिहिते.

सोमवारचा तिसरा तास मराठीचा. त्या तासाला एकेकानं उभं राहून धडा वाचायचा. जूनमध्ये नव्या सरांनी तिला काहीतरी विचारलं आणि ती गडबडून घरच्या बोलीत म्हणाली, "माले येत नही, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनी हसू थांबवलंही नाही. झालं ते एवढंच. मोठ्या माणसाला ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आठवायचीही नाही.

तेरा वर्षांच्या मुलीच्या मेंदूनं मात्र त्या तासावर 'धोका' अशी खूण करून ठेवली. धोका दिसला की शरीर काय करतं ते शेतात वावरणाऱ्याला सांगायला नको. पायाजवळून साप गेला तर छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार होतात. पळायचं असतं, म्हणून रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, आतड्यांना पीळ पडल्यासारखं होतं. मेंदूतली ही घंटा सापासाठी वाजते तशीच चाळीस हसणाऱ्या तोंडांसाठीही वाजते. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल येते आणि तरीही पोट दुखतं. दोन्ही खरं असतं.

पुढचं नीट वाचा, कारण बहुतेक घरांत चूक इथेच होते. घरी गेली की कळ थांबायची. त्यातून मेंदू काय शिकला? 'निघून आले, म्हणून वाचले.' पुढच्या सोमवारी घंटा आणखी लवकर वाजली. मग रविवारी रात्रीच झोप उडायला लागली. टाळलं की घटकाभर बरं वाटतं, पण भीतीला खतपाणी मिळतं. रागावून, हात धरून वर्गात बसवलं तर तेही उलटतं. मुलीला वाटतं, आता सुटका नाही, आणि घंटा दुप्पट जोरात वाजते. या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते, आणि ती वाट मुलीनं स्वतः चालायची असते.

आम्ही ती कशी काढली ते सांगते. पहिल्या दोन भेटी नुसत्या गप्पांत गेल्या. श्रावणात घरी कानबाई देवी बसते तेव्हा सुरतेहून सगळे काका कसे येतात, रोटांसाठी गहू कोण दळतं, हे ती अहिराणीत सांगत होती आणि मी ऐकत होते. तिसऱ्या भेटीत तिनं वहीच्या मधल्या पानावर एक शिडी काढली. सात पायऱ्या. खालची पायरी: मॅडमला अहिराणीत गोष्ट सांगणं. वरची: सोमवारी वर्गात उभं राहून अख्खा उतारा वाचणं. मधल्या पायऱ्या तिनंच ठरवल्या. मैत्रिणीला धडा वाचून दाखवणं, मग तिघींना, मग मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात फळ्याजवळ उभं राहून. प्रत्येक पायरीपुढे तिनं दहापैकी भीतीचे गुण लिहिले. खालच्या पायरीला २, वरच्या पायरीला १०, आणि त्या १० भोवती तिनं दोनदा गोल केला होता.

एका पायरीची भीती निम्मी झाल्याशिवाय पुढची चढायची नाही, हा नियम. भीती शून्य व्हायची वाट बघायची नाही, हा दुसरा नियम.

मधेच ती अडली. म्हणाली, "सगळे हसतील." मी विचारलं, सगळे म्हणजे किती? वर्गात ४६ मुलं. पुढच्या तासाला दुसरं कुणी वाचताना अडखळलं तर किती जण हसतात ते मोजून ये, म्हटलं. आठवड्यानं आली आणि तीन बोटं दाखवली. तिसरा तर खिडकीबाहेरच्या कुत्र्याकडे बघून हसत होता, हेही तिनंच सांगितलं. 'सगळे हसतात' आणि 'दोघं हसतात' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मी समजावून सांगितला असता तर तिला पटला नसता. तिनं मोजला म्हणून पटला.

या पद्धतीला सीबीटी म्हणतात, मराठीत विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धत. १९६०च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी तिचा पाया घातला. गाभा सोपा आहे. मनातला विचार, भावना, शरीरातला बदल आणि आपली कृती ही चारही एकमेकांना धरून असतात. भावनेला 'जा' म्हटल्यानं ती जात नाही, पण विचार तपासता येतो आणि कृती थोडी बदलता येते. एक सुटं झालं की बाकीची तिन्ही सैल पडायला लागतात.

आठव्या आठवड्यात तिनं वर्गात चार ओळी वाचल्या. नंतर खोलीत येऊन म्हणाली, "पोट दुखनं, पन थोडंसंच." वहीत ४ लिहिलं.

यात माझ्या कामाइतकंच आणखी एक काम होतं. तिला विचारून मी मराठीच्या सरांशी बोलले. ती काय म्हणाली ते सांगितलं नाही. दोनच गोष्टी मागितल्या: कुणी कोणता उतारा वाचायचा ते आदल्या दिवशी सांगा, आणि कुणी बोलीत बोललं तर हसू तिथल्या तिथे थांबवा. सरांनी दोन्ही केलं. जळगावच्या दवाखान्यात बसून मला हे करता आलं नसतं. शाळेतल्या थेरपीची खरी ताकद माझ्या मते इथे आहे. मुलाला जिथे दुखतं, ती जागाच आपल्या हाताशी असते.

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे आणि सगळा घोटाळा त्यातून होतो. पालकांना वाटतं, मॅडम पोराला चार गोष्टी समजावून सांगतील. मुलांनाही वाटतं, आता बोलणी बसणार. उपदेश तर त्या मुलाला घरी, दारी, शाळेत रोज मिळतोच आहे. थेरपीत बोलण्याचं काम जास्त मुलाचं आणि ऐकण्याचं काम आमचं. पण नुसतं ऐकणंही नव्हे. प्रत्येक भेटीला काहीतरी करून बघायचं ठरतं, पुढच्या भेटीला त्याचं काय झालं ते बघायचं. साधारण अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून एकदा, सहा ते दहा वेळा. बऱ्याच मुलांना एवढं पुरतं.

यात कोण काय करतं तेही सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, 'डोक्याचा डॉक्टर'. शाळेतला समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो आणि तो औषध देत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्याहून पुढचं प्रशिक्षण घेतलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला असतो. तोही औषध देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मात्र आधी एमबीबीएस डॉक्टर असतो, औषध तोच लिहितो. शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांना त्याच्याकडे जायची वेळ येत नाही. ज्यांच्यावर येते त्यांना ओळखून वेळेत तिकडे पाठवणं, हे समुपदेशकाचं महत्त्वाचं काम आहे.

रावेरकडचा एक दहावीतला मुलगा आठवतो. जूनच्या वादळात वडिलांची केळी आडवी झाली. घड निसवलेली झाडं होती, महिना-दीड महिन्यात काढणीला आली असती. मुलगा त्यानंतर हळूहळू बंद पडत गेला. क्रिकेट सुटलं, आंघोळ दोन-दोन दिवस नाही, पुस्तक उघडून त्याच पानावर तासभर. कुणी काही म्हटलं की एकच शब्द, "जाऊ द्या."

उदासीचा फेरा उलटा चालतो. बरं वाटत नाही म्हणून माणूस एकेक काम सोडतो. काम सोडलं की बरं वाटायच्या जागाही जातात, मग आणखी उदास. 'बरं वाटलं की करेन' असं थांबून राहिलं तर तो दिवस येत नाही. म्हणून आधी अगदी बारीक कृती करायची, मन मागून येतं. आम्ही फक्त दोन कामं ठरवली: सकाळी आंघोळ करूनच चहा, आणि संध्याकाळी मैदानावर पंधरा मिनिटं जायचं, खेळलं नाही तरी चालेल. मग एका कागदावर दोन रकाने आखले. माझ्या हातात काय, माझ्या हातात नाही काय. सोसायटीचं कर्ज, विम्याचे पैसे, भाव, हे सगळं दुसऱ्या रकान्यात गेलं. पहिल्यात उरलं ते असं: गणिताची तीन प्रकरणं, आणि वडिलांशी एकदा बोलणं.

थेरपीनं त्याच्या बापाचं कर्ज फिटलं नाही, आडवी झालेली केळी उभी राहिली नाही. हे मी पालकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते. भूक, कर्ज, घरातली दारू, मारहाण यांवर बोलून इलाज होत नाही. त्यासाठी दुसरे हात लागतात. पण आपल्या वाट्याचं नसलेलं ओझं मुलाच्या डोक्यावरून खाली ठेवता येतं, आणि तेवढ्यानं तो पुन्हा जेवायला, झोपायला, खेळायला लागतो.

त्याला मी तिसऱ्या भेटीत सरळ विचारलं होतं, "जगूच नये असं मनात येतं का?" पुष्कळांना वाटतं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलाला मोकळं वाटतं. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. तुमचं मूल मरणाची भाषा बोलत असेल, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, रात्ररात्र झोपत नसेल, तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येतं. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

आता शाळाच का, दवाखाना का नाही?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांना उपचाराची गरज पडावी असा मानसिक त्रास दिसला. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात चार. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण धडगावच्या बाईनं मुलीला घेऊन घाट उतरून नंदुरबारला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं, आणि स्टँडवर भेटणाऱ्या प्रत्येकाला 'कुठं चालल्या' याचं उत्तर द्यायचं. तेही दर आठवड्याला. शाळेत मूल असतंच. एक तास बुडतो, बस.

पण शाळेत कोण बसवायचं, हा प्रश्न मोठा आहे आणि मला त्याबद्दल ठाम बोलायचं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला बाहेरचा साधा माणूस नेमला, काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांना दिलं. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा नाही. ज्यांच्या हातात गुण, हजेरी आणि तक्रारवही आहे त्यांच्यासमोर मूल उघडं होत नाही, आणि सहा तास शिकवून, जनगणना-निवडणुकीची कामं करून त्यांच्याकडे तो निवांतपणाही उरत नाही. शिक्षकाचं काम लक्ष ठेवण्याचं. दर सोमवारी पोट दुखतं, अक्षर एकदम बिघडलं, डबा न उघडताच परत जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही. पुढचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

दुसरा एक अभ्यास दिल्लीच्या सरकारी शाळांतला, २०२० चा. तिथे डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी मुलांना चार-पाच छोट्या भेटींत एवढंच शिकवलं: अडचण नेमकी कोणती, त्यावर मार्ग किती, त्यातला एक करून बघ. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी त्यातून कमी झाल्या. चिंता, उदासी यांची लक्षणं मात्र लगेच फारशी हलली नाहीत. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. छोट्या उपायानं छोटं काम होतं, आणि पुष्कळ मुलांची गरज तेवढीच असते.

आता गुपिताबद्दल. मूल जे बोलतं ते त्या खोलीतच राहतं. हे पाळलं नाही तर बाकी सगळं फुकट. एका शाळेत शिपाई वर्गाच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणाला, "अमक्याला समुपदेशनच्या मॅडमनी बोलावलंय." तो मुलगा आला, दहा मिनिटं खाली मान घालून बसला आणि पुन्हा कधी आला नाही. चूक माझी होती, मी आधी सांगून ठेवायला हवं होतं. तेव्हापासून भेटीची वेळ मुलाशीच ठरवते आणि तो स्वतः येतो.

तीन वेळा मात्र गुपित मोडावं लागतं: मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, त्याच्याकडून दुसऱ्याला धोका असेल तेव्हा, आणि लैंगिक अत्याचार कळला तेव्हा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं त्याची खबर पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे मी पहिल्या भेटीत, सुरुवातीलाच मुलाला सांगते.

आणि आईवडील? मूल अठराच्या आतलं आहे, म्हणून त्यांची संमती लागते. पण संमती म्हणजे रोजचा अहवाल नव्हे. एक वडील मला गेटवर गाठून म्हणाले, "मॅडम, पोऱ्या काय सांगस तुमले आमनाबद्दल?" मी म्हटलं, "भाऊ, तो काय सांगतो ते त्याचं. तुम्ही काय करू शकता ते मी तुम्हाला सांगते, चालेल?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगा." रात्री जेवताना टीव्ही बंद ठेवायचा आणि निकालाचा विषय काढायचा नाही, एवढंच त्यांना सांगितलं.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात फार मोलाचा आहे. पाठ्यपुस्तकात 'चिंता', 'नैराश्य' असे शब्द असतात. माझ्याकडे आलेल्या एकाही मुलानं ते वापरलेले नाहीत. मुलं म्हणतात, "जीव घाबरी ऱ्हायना." "करमत नही." "डोकामा भनभन करस." दुखणं ज्या भाषेत होतं त्या भाषेतच सांगता येतं. अक्कलकुवा, धडगावच्या आश्रमशाळांत हा प्रश्न आणखी कठीण. घरी पावरी नाहीतर भिली बोलणारं सहा-सात वर्षांचं लेकरू वसतिगृहात येतं, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. ते रडतं, अंथरूण ओलं करतं, आणि त्याला समजावणाऱ्याची भाषा त्याला कळत नाही. मोठ्या मुलीला दुभाषी करून बसवतात तेव्हा लेकरू तिच्यासमोर अर्धंच बोलतं. अशा शाळांत त्याच भागातली, तीच बोली बोलणारी माणसं शिकवून तयार केली पाहिजेत. बिहार आणि दिल्लीत साध्या माणसांना हे काम जमलं, तर सातपुड्यात का जमू नये?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शाळा, कॉलेज, क्लासेस, वसतिगृहं सगळी त्यात येतात. माझ्या पाहण्यातल्या काही शाळांत ही जागा कागदावर एखाद्या विषयशिक्षकाच्या नावानं भरलेली असते. परीक्षेच्या दिवसांत मंडळ फोनवर समुपदेशक देतं, ते चांगलंच आहे, पण ती पेपरच्या दिवसांपुरती मदत झाली. जिथे शाळेत कुणीच नाही तिथे १४४१६ आहे, मुलांवर अन्याय होत असेल तर १०९८ आहे, आणि सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहे.

आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानं तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाचा विषय संपला की हा विषय काढा. समुपदेशक कोण, त्यांचं शिक्षण काय, ते शिकवतातही का, कोणत्या वारी येतात, कोणत्या खोलीत बसतात हे विचारा. खोली स्टाफरूमच्या आत असेल तर दुसरी मागा. आणि मुलांच्या नोंदी ज्या कपाटात राहतात, त्याची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.